लाडवांचा डबा आणि धुरावलेली कोंबडी

२०२३ च्या जून महिन्यात रजा काढून मी आई आणि अण्णांसह अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या भावाकडे गेले होते. परतल्यावर शाखेतील सहकाऱ्यांनी आणि नित्य परिचयाच्या ग्राहकांनी एकच प्रश्न केला, ‘काय काय पाहिलेत?’ पॅसिफिक महासागर पाहिला, सूचिपर्णी वृक्षांची घनदाट अरण्ये पाहिली, दीपगृहे पाहिली. परंतु या सर्वांहून अधिक लक्षात राहिली ती समुद्रकाठच्या पावसाळी हवेत, उभ्या गाडीच्या पाठीमागे, लाकडाच्या धुरावर शिजविलेली कोंबडी. खरे तर कोंबड्या दोन होत्या. त्यांपैकी पहिली आम्हांला खाता आली नाही.

प्रथम गाडीविषयी सांगावयास हवे. अमेरिकेत ‘आर.व्ही.’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. दादाने पाच दिवसांसाठी भाड्याने घेतलेली गाडी पंचवीस फूट लांब होती. तीत सहा जणांची निजावयाची सोय, शेगडी, शीतकपाट, मायक्रोवेव्ह, न्हाणीघर, स्वच्छ पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या दोन असा सारा संसार बसविलेला होता. अण्णांनी एस.टी.च्या आगारात यांत्रिक म्हणून चौतीस वर्षे काढली आहेत. गाडी दारात येताच ते पायऱ्या चढून आत गेले नाहीत. वाकून खाली गेले. धुरे, टायर, टाक्यांचे नळ हे सर्व पाहून झाल्यावरच त्यांनी आत पाऊल टाकले. वाटेत पेट्रोल भरावयास थांबलो, तेव्हा पंपावरचा माणूस स्वतः येऊन टाकी भरू लागला, याचेही त्यांना समाधान वाटले. ओरेगॉनमध्ये १९५१ पासून ग्राहकाने स्वहस्ते पेट्रोल भरण्यास कायद्याने मनाई होती. ती बंदी आमच्या प्रवासानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये उठली.

गाडीच्या सामानकप्प्यात दादाने एक लोखंडी पेटी ठेवली होती. वजन सुमारे पंचवीस-तीस किलो, पाय दुमडून मिटवता येणारी. हेच ते फिरते पेलेट ग्रिल. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, दाबून केलेल्या कांड्या. त्यांत गोंद वा अन्य चिकट पदार्थ सहसा नसतो. प्रचंड दाबाखाली भुसा तापला की लाकडातलेच लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते आणि निवताना भुशाला धरून ठेवते. ग्रिलच्या एका बाजूस या कांड्या भरावयाची पेटी, तिच्या तळाशी मळसूत्राच्या आकाराचा फिरता दांडा, दांड्याच्या टोकाशी मूठभर मापाचे अग्निपात्र, त्यात विजेने लाल होणारी पेटवणीची सळई आणि खालून वारा घालणारा पंखा. आतली उष्णता मोजून यंत्र स्वतःच ठरविते की दांडा किती फिरवावयाचा. आपण तापमान सांगावयाचे आणि झाकण लावून घ्यावयाचे. अण्णांनी तो दांडा हाताने फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘ही तर दळणाची गिरणी! फक्त पीठ न पाडता विस्तव पाडते.’’

या यंत्राचे जन्मगाव आमच्या वाटेवरच होते, हा एक सुखद योगायोग. पोर्टलंडहून दक्षिणेस माउंट एंजल नावाचे टुमदार गाव लागते. जर्मन वसाहतवाल्यांनी वसविलेल्या या गावात १९६६ पासून दरवर्षी ऑक्टोबरफेस्ट भरतो. टेकडीवर मठ आहे आणि मठात फिनलंडचे विख्यात वास्तुशिल्पी अल्वार आल्टो यांनी रचलेले, १९७० मध्ये खुले झालेले ग्रंथालय आहे. याच गावचे जो ट्रेगर घरे तापविण्याच्या उपकरणांच्या कौटुंबिक व्यवसायात होते. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडी पेलेट जाळून घर उबदार ठेवणाऱ्या शेगड्या पुढे आल्या होत्या. ४ जुलैच्या सुट्टीत गॅसच्या ग्रिलवर ठेवलेली कोंबडी नजर हटताच ज्वाळांत सापडली आणि तेथूनच पेलेटवर अन्न शिजविण्याची कल्पना ट्रेगर यांना सुचली, असे सांगतात. १९८६ मध्ये त्यांना या ग्रिलचे एकस्व मिळाले. पुढील वीस वर्षे हा व्यवसाय जवळजवळ एकहाती राहिला. एकस्वाची मुदत २००६ मध्ये संपताच इतर कारखानदार पुढे सरसावले आणि त्यांच्या स्पर्धेतूनच आमच्यासारख्या फिरस्त्यांना परवडतील अशी लहान ग्रिले बाजारात आली. गावात आम्ही फक्त चहा घेतला. ग्रंथालयात मात्र आईने तासभर ठाण मांडले. तेथील उजेड तिला फार आवडला.

धुराला आपणही परके नाही. निखाऱ्यावर तूप सोडून भाजीला वा डाळीला धुंगार देण्याची रीत घरोघरी ठाऊक आहे. फरक इतकाच, की आपला धूर पदार्थ शिजल्यावर शेवटी येतो आणि येथे तो आरंभापासून सोबत असतो. मंद आचेवर लाकूड अर्धवट जळते, लिग्निनचे विघटन होते आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल आदी सुगंधी द्रव्ये धुरात उतरतात. थंड व ओलसर मांस हा धूर चटकन शोषून घेते. जसजसे ते तापते व सुकते, तसतशी ही ओढ कमी होते. म्हणून कोंबडी शीतकपाटातून काढून थेट ग्रिलवर ठेवणे हिताचे. ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरील आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या आल्डर वृक्षाच्या धुरावर सामन मासा टिकवीत आले आहेत. दादाने आल्डर आणि सफरचंदाच्या लाकडाचे मिश्र पेलेट आणले होते. हिकरी किंवा मेस्कीट यांचा धूर उग्र असतो. कोंबडीसारख्या सौम्य मांसाला तो झेपत नाही, असे दादाचे मत. नंतर एकदा चव घेतल्यावर माझेही तेच झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बेव्हर्ली बीच या राज्य उद्यानात पोहोचलो. न्यूपोर्ट शहराच्या उत्तरेस सुमारे अकरा किलोमीटरवर हे स्थळ आहे. तळ महामार्ग क्रमांक १०१ च्या अलीकडे, उंच वृक्षांच्या छायेत. समुद्राकडे जाणारी पायवाट महामार्गाच्या पुलाखालून निघते. प्रत्येक गाडीच्या जागेशी पाण्याचा नळ आणि विजेचा खांब. जून असूनही हवा आपल्याकडील महाबळेश्वरच्या श्रावणासारखी होती, पंधरा अंशांच्या आसपास. समुद्रावरून धुके येत होते आणि मधूनच बारीक पाऊस शिंपडत होता.

कोंबडी तयार करण्यावरून पहिला मतभेद झाला. आईचे माहेर मालवणचे. कोंबडी धुतल्याशिवाय, मीठ-हळद चोळून पुन्हा धुतल्याशिवाय चुलीजवळ न्यावयाची नाही, हा तिचा नेम. दादाने ते होऊ दिले नाही. कच्ची कोंबडी धुताना उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू आजूबाजूच्या भांड्यांवर पसरतात, म्हणून धुऊ नये, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. गाडीच्या वीतभर मोरीत तर शेजारीच पेले आणि कापलेली काकडी होती. आई रुसली, पण मग तिने कोरड्या कागदाने कोंबडी टिपून घेतली आणि लिंबू, हळद, आले-लसूण व चमचाभर मालवणी मसाला लावला. येथील लोक कोंबडी आदल्या रात्री खारवणात बुडवून ठेवतात. अण्णांचा रक्तदाब लक्षात घेता ते शक्य नव्हते. शिवाय सांधेवातासाठी ते जी औषधे घेतात, त्यांनी प्रतिकारशक्ती मंदावते. ‘अर्धकच्चे, उघड्यावरचे, शिळे काही नको’ अशी तंबी निघण्यापूर्वी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दिली होती. ते ओझे प्रवासभर माझ्या डोक्यावर होते.

अडीच वाजता कोंबडी १०७ अंश सेल्सिअसवर स्थिर झालेल्या ग्रिलवर गेली. पाठीचा कणा कात्रीने काढून ती पुस्तकासारखी उघडून पसरली होती. त्यामुळे जाड-पातळ भाग साधारण एकाच वेळी शिजतात. धूर आरंभी पांढरा व दाट होता. तो कडवट असतो, म्हणून निळसर, विरळ धूर येईपर्यंत आम्ही थांबलो होतो. सर्व ठीक दिसल्यावर आम्ही पाचही जण निर्धास्तपणे पुलाखालून किनाऱ्यावर गेलो. मागे राहिला फक्त माझा बारा वर्षांचा भाचा, त्याच्या फोनसह.

पावणेसहाला परतलो तेव्हा गाडीतले दिवे लागलेले होते, शीतकपाट गार होते, भाचा पुस्तक वाचीत होता. ग्रिल मात्र थंडगार. दादाने कोंबडीच्या छातीत उष्णतामापीची सुई खुपसली. आकडा आला ३१ अंश.

उलगडा झाला तो असा. विजेच्या खांबावरून आमच्या गाडीला ३० अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे ३६०० वॉट मिळत होते. थंडीमुळे विजेचा हीटर लावलेला होता, १५०० वॉट. गरम पाण्याची टाकी विजेवर टाकलेली, १४०० वॉट. आम्ही निघाल्यावर पाऊण तासाने भाच्याने लाह्या फोडावयास मायक्रोवेव्ह लावला. त्याची ओढही सुमारे १५०० वॉट. बेरीज ४४०० वॉट, ग्रिलचे थोडके निराळेच. खांबावरची कळ पडली. पण गाडीतले दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि शीतकपाट वीज जाताच आपोआप गॅसवर जाते, त्यामुळे घरात अंधार झालाच नाही! मायक्रोवेव्ह बंद पडला एवढेच पोराला दिसले. त्याने बिस्किटे खाल्ली आणि विषय सोडून दिला. बाहेर पंखा थांबला होता, विस्तव विझला होता आणि कोंबडी अडीच तास कोमट अवस्थेत पडून होती.

अण्णा म्हणाले, ‘‘परत पेटव. चांगली कढवून शिजव. उकळीत काय जिवंत राहते?’’

दादाने समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. या टप्प्यात अन्न दोन तासांहून अधिक राहू देऊ नये असा नियम आहे. पुन्हा शिजविल्यास जंतू मरतील हे खरे. पण स्टॅफिलोकॉकससारखे काही जंतू वाढताना जे विष मागे ठेवतात, ते शिजवूनही नष्ट होत नाही. अण्णा ऐकून घेत होते, पण त्यांची नजर कोंबडीवरून हटत नव्हती. त्यांच्या लहानपणी कणकवलीच्या घरी कोंबडी कापली जाई ती पाहुणे आले तर किंवा जत्रेला. ‘‘आख्खी कोंबडी टाकायची?’’ त्यांनी विचारले. दादा गप्प राहिला. मीही गप्प राहिले. कर्जप्रस्ताव नाकारताना कागदावर सही करणे सोपे असते, समोर बसलेल्या माणसाकडे पाहणे नव्हे. तसे काहीसे झाले होते. शेवटी आई उठली, तिने ती कोंबडी पिशवीत बांधली आणि म्हणाली, ‘‘तुमच्या ताटात ही यायची नाही. मग इतरांच्याही नको.’’ रात्री वरण-भात आणि भाजलेले पापड झाले. अण्णा जेवले, पण बोलले नाहीत. भाच्याने तर ताटावरून मानही वर केली नाही.

पहाटे जाग आली ती बाहेरच्या आवाजाने. अण्णा आणि भाचा ग्रिल उलगडून बसले होते. रात्रीच्या धुक्याने पेटीतल्या कांड्या फुगून भुसा झाल्या होत्या आणि मळसूत्राचा दांडा त्यात रुतला होता. पेलेटला ओल लागली की हे ठरलेलेच. चांगली कांडी कटकन मोडते, दमट कांडी बोटांत चुरते. अण्णांनी स्क्रू काढून दांडा बाहेर घेतला, सगळा लगदा खरवडला आणि पात्रातली राख काढली. ‘‘पिशवी समुद्रावर उघडी ठेवायची नसते,’’ ते दादाला म्हणाले, तेही कालपासूनचे पहिलेच वाक्य. मग त्यांनी आईकडून बेसनाच्या लाडवांचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मागून घेतला. उरलेले आठ लाडू ताटलीत आले आणि नव्या पिशवीतले पेलेट डब्यात गेले. आईने निषेध नोंदविला. तो मान्य झाला नाही.

न्याहारीनंतर आजोबा-नातू वही घेऊन गाडीभर फिरले. कोणती वस्तू विजेच्या खांबावर, कोणती बॅटरीवर, कोणती गॅसवर, कोणाची किती ओढ. सगळे पोराच्या अक्षरात लिहिले गेले. शेवटी त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले की हीटर, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांपैकी एका वेळी दोनच. तो कागद मायक्रोवेव्हच्या दारावर चिकटला. ग्रिलचा स्वतःचा खप तसा मामुली. पेटवणीच्या पहिल्या काही मिनिटांत दोन-तीनशे वॉट, पुढे पन्नासाच्या आत-बाहेर. पण तेवढीही वीज थांबली तर सारेच थांबते, हे आम्ही शिकलो होतो. त्यामुळे त्या दिवशी कोणी किनाऱ्यावर गेले नाही.

या ग्रिलचा मोह कोणाला पडला तर आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते. पाऊस वाढला तेव्हा दादाने ग्रिल गाडीच्या कापडी छताखाली सरकवायला घेतले. वहिनीने त्याला तिथेच अडविले, आणि योग्यच केले. कापड पेट घेऊ शकते; त्याहून वाईट म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू खिडकीतून आत शिरतो. त्याला वास नसतो, म्हणूनच अशा गाड्यांत त्याची सूचना देणारी घंटा बसविलेली असते. दुसरी गोष्ट वणव्याची. सप्टेंबर २०२० मध्ये ओरेगॉनमध्ये १० लाख एकरांहून अधिक प्रदेश जळाला आणि डेट्रॉइट नावाचे गाव जवळपास नाहीसे झाले. तेव्हापासून कोरड्या दिवसांत विस्तवाचे निर्बंध फार गांभीर्याने पाळले जातात. बंद करण्याची चावी असलेली गॅसची शेगडी पुष्कळदा चालते; परंतु पेलेटचे ग्रिल म्हणजे अखेर लाकडाचाच विस्तव, त्याचा नियम जागेनुसार व दिवसानुसार बदलतो. आम्ही सकाळी उद्यानाच्या कचेरीत विचारून आलो, मगच पेटी उघडली.

दुसरी कोंबडी न्यूपोर्टच्या बाजारातून आली, पावणेदोन किलोची. तीच तयारी, तोच मसाला, अर्धा चमचा मीठ. एक तास १०७ अंशांवर धुरी दिली. मग दादाने आच १७७ अंशांवर नेली, कारण मंद आचेवरच शेवटपर्यंत ठेवल्यास कातडी रबरासारखी चिवट राहते. आणखी पाऊण तासाने छातीचे मांस ७४ अंशांवर आले. हा अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी सांगितलेला किमान आकडा. मांडी ८१ वर होती. मांडीचे मांस ऐंशीच्या पुढेच मऊ होते. दहा मिनिटे ती झाकून ठेवली. रंग तर असा चढला होता, की भाच्याने ताटे मांडताना तीनदा झाकण उघडून पाहिले.

अण्णांनी मांडीचा तुकडा मोडला आणि हात आखडता घेतला. हाडाजवळचे मांस गुलाबी होते. कातडीखालीही गुलाबी कड दिसत होती. आपल्याकडे याचा अर्थ एकच, की कोंबडी कच्ची आहे. अण्णांनी ताट पुढे सरकवले. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात आणि ते पूर्ण शिजले तरी गुलाबीच राहते; शिवाय बाजारातली कोंबडी जेमतेम दीड-दोन महिन्यांची असल्याने तिच्या कोवळ्या हाडातला मगज शिजताना बाहेर झिरपतो. दादाला हे सर्व ठाऊक होते. त्याने काही सांगितले नाही. उष्णतामापी पुसून अण्णांच्या हाती दिला.

अण्णांनी सुई लगेच मांसात घातली नाही. त्यांनी भाच्याला पेल्यात बर्फ आणि थोडे पाणी आणावयास सांगितले, ढवळून सुई त्यात बुडविली आणि चष्मा वर करून आकडा पाहिला. शून्य. ‘‘मोजणारा खरा निघाला,’’ ते म्हणाले. मग दुसऱ्या, न मोडलेल्या मांडीत हाडाला न टेकता त्यांनी सुई घातली. ७९. पंखाच्या सांध्याजवळ ७८. छातीत ७४. पुन्हा एकदा मांडीत. ७९. त्यांनी ताट जवळ ओढले आणि पहिला घास घेतला. आम्ही सर्व त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

‘‘मीठ कमी आहे,’’ अण्णा म्हणाले.

‘‘ते तुमच्यासाठीच कमी आहे,’’ आई म्हणाली, आणि मग सगळेच जेवू लागले.

उरलेले मांस दोन तासांच्या आत शीतकपाटात गेले. दुसऱ्या सकाळी आईने सारी हाडे मोठ्या पातेल्यात उकळत ठेवली, वहिनीने घरून आणलेल्या भाजक्या खोबऱ्याचे वाटण लावले आणि रस्सा केला. धूर हाडांपर्यंत उतरला होता. अण्णांनी दोन वाट्या रस्सा घेतला आणि विचारले, पेलेट किती उरले आहेत.

लाडवांचा डबा परत आला नाही. दादाकडे पेलेट अजून त्याच डब्यात असतात, आणि रविवारच्या फोनवर अण्णा भाच्याला आधी झाकण घट्ट लावले आहे का ते विचारतात, मग अभ्यासाचे.